तिसरी वाटी

डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या घालतात. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशी बाई एक वाटी उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि काहीही निघालं तरी बाया सारख्याच हसतात. आमच्या पांडेसऱ्यात मात्र काही वर्षं तीन वाट्या असायच्या. तिसरी वाटी आमचे धारासभ्य स्वतःच्या घरून घेऊन यायचे. धारासभ्य म्हणजे आमदार. सुरतेत राहून आमच्या तोंडी तोच शब्द बसलाय. त्या वाटीखाली चार घड्या घातलेला जन्मनोंदणीच्या फॉर्मचा नमुना असे.

त्यांना बोलावणं लागत नसे. कोणत्या गल्लीत कोणाला सातवा लागलाय याची यादी अंगणवाडीच्या बाईंकडून आणायची, हे माझं काम होतं. बाकी मी त्यांच्या कार्यालयात अर्ज टाइप करायचे. गुजरातीत, मराठीत, आणि माणूस फार चिडलेला असेल तर हिंदीत. डोहाळजेवणाला पुरुषमाणूस एकटा कसा जाणार, म्हणून मलाही सोबत जावं लागे. हिरवी साडी नेसलेली, फुलांचे दागिने घातलेली पोर पाटावर बसलेली असायची. हे तिच्यापुढे आपली स्टीलची वाटी पालथी घालून म्हणायचे, "बेन, मुलगा होवो का मुलगी, सुरतमां होऊ द्या. पोरगं जिथं पहिल्यांदा रडलं तिथलं ते. बाकी सगळा पुरावा." मग नारळ द्यायचे आणि जेवायला न थांबता उठायचे. मागे बायांची कुजबुज सुरू व्हायची. कुजबुजीत त्यांच्या डोक्याविषयी काय बोललं जाई ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीत सुटला होता. ते मिलमधले डाईंग मास्तर. पंचवीसेक वर्षं कापड रंगवण्यात गेली, आणि मग कोणत्या तरी दोन गटांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना म्हणून मधल्या मध्ये यांना तिकीट मिळालं. निवडून आल्यावर पक्षाच्या लोकांनी पांढरा झब्बा शिवून आणला, तो त्यांनी घातला नाही. "पांढरं म्हणजे रंगवायचं राहिलेलं," ते म्हणाले. शेवटपर्यंत चॉकलेटी शर्टात वावरले.

मिलमधून ते आले, पण मिल त्यांच्यातून गेली नाही. कोणताही कागद हातात आला की ते खुर्चीवरून उठून खिडकीशी जायचे आणि उजेडात धरायचे. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइट फसवते, हा मिलचा नियम. रेशनकार्डात जुळवायला काय असतं, असं मी एकदा विचारलं. "सवय आहे," म्हणाले, आणि कार्ड उलटं करून पुन्हा पाहिलं. उद्घाटनाला बोलावलं तर फीत कापण्याआधी ती दोन बोटांत चोळून बघायचे. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला ते माइकवर पहिलं वाक्य बोलले, "या फितीचा रंग कच्चा आहे, कोणी घामाचा हात लावू नका." पाहुण्यांनी तोवर लावला होता.

पण त्यांची खरी तऱ्हा होती अर्ज निवडण्याची. बाकीच्या नेत्यांकडे पहिला नंबर ओळखीच्या माणसाचा, दुसरा मोठ्या माणसाचा, आणि उरलेल्यांना चहा. मास्तरांनी टेबलावर तीन खोकी ठेवली होती. ओला माल, दमट माल, वाळलेला माल. ओलं कापड ढिगात पडून राहिलं तर डाग धरतं, म्हणून मिलमध्ये आधी ओलं काढतात; मग ते लहान व्यापाऱ्याचं असो की मोठ्याचं. वाळलेलं कापड महिनाभर पडलं तरी त्याला काही होत नाही. म्हणून समोर कोणीही बसलं तरी मास्तर एकच विचारायचे, "आज नाही केलं तर काय बिघडेल?"

चौकात स्वतःच्या वडिलांच्या नावाचं प्रवेशद्वार मागणारे शेठ या प्रश्नाला फार घुटमळायचे. एक जण म्हणाला, "बिघडणार काय, वडील तर गेलेत." वाळलेला माल. नळाला चार दिवस पाणी नसलेली बाई म्हणायची, "पोरं उद्या पारोशीच शाळेत जातील." ओला माल, आणि मास्तर तिथल्या तिथे फोन उचलायचे. पक्षाच्या माणसांनी त्यांना पुष्कळ समजावलं की प्रवेशद्वारावर नाव राहतं, नळावर राहत नाही. त्यांना ते पटलं, पण त्यांनी खोकी बदलली नाहीत. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा तिकीट मिळालं नाही. कापलं गेल्याची बातमी आली तेव्हा ते कोणाच्या तरी दाखल्याकडे खिडकीशी उभं राहून बघत होते. "बराबर," एवढंच म्हणाले.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय वाटीचं कळणार नाही.

आमच्या लोकांत पहिलं बाळंतपण माहेरी. आई सुरतेत नांदत होती, पण मी जन्मले खानदेशात, आजीच्या गावी. सव्वा महिन्याची असताना मला गाडीत घालून सुरतेजवळच्या उधन्याला उतरवलं. त्या सव्वा महिन्यात मी तिथे काय केलं ते मला आठवत नाही. बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं पांडेसऱ्यात झालं. बारावीनंतर सरकारी नर्सिंगला माझा नंबर लागण्यासारखा होता. तेव्हा कळलं की गुजरातचं रहिवासी ठरावं लागतं, आणि जन्म इथला असता तर जन्माचा एक दाखला पुरला असता. तो नसेल तर इतकी वर्षं इथेच राहतोय याचे घराचे पुरावे द्या, नुसते शाळेचे कागद चालणार नाहीत. आम्ही आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेलो. घरमालक भाडं वेळेवर घ्यायचा, पण आम्ही तिथे राहतो हे लिहून द्यायला त्याचा हात कधी वळला नाही.

वडील मला घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी पत्र दिलं आणि कचेरीत फोन केला तर रहिवासी दाखला निघेल, असं कोणी तरी सांगितलं होतं. मास्तरांची ती पहिलीच टर्म होती. त्यांनी कागद घेतले, उजेडात धरले आणि वडिलांना नेहमीचा प्रश्न विचारला. माझे वडील भिडस्त माणूस. मोठ्या माणसापुढे आपल्या कामाची घाई दाखवणं म्हणजे त्यांच्या मते उद्धटपणा. ते हात जोडून म्हणाले, "काही घाई नही साहेब. तुम्हले जव्हय फावी तव्हय करा."

मास्तरांनी कागद वाळलेल्या मालात टाकले.

नर्सिंगच्या अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वडिलांना ते ठाऊक होतं, मलाही होतं. मी तिथेच शेजारच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर फाईल घेऊन. मला तोंड होतं. मी उघडलं नाही. वडील बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे आम्हाला बाळकडूत पाजलेलं. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो आणि वडील रस्त्यात म्हणाले, "चांगला माणूस शे." पत्र पाचव्या दिवशी निघालं. अगदी नीट लिहिलेलं, सही-शिक्क्यासकट. मी ते अजून ठेवलंय, कशाला ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात मास्तरांनी निरोप पाठवला, कार्यालयात टाइप करायला माणूस हवाय. मी गेले, कारण घरी बसून तरी काय करणार होते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा घरून वाटी आणली. माझ्याविषयी ते एक शब्द बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. सहा वर्षं आम्ही एका खोलीत बसून जगभराच्या अडचणी सोडवल्या. मला त्यांचा राग होता. रोज सकाळी चहा देताना होता आणि संध्याकाळी कुलूप लावताना होता. मधल्या वेळात माणूस आवडायचाही, ती वेगळी पंचाईत.

मग माझ्याच वहिनीला सातवा लागला.

भाऊ मिलच्या फोल्डिंग खात्यात, वहिनी दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. यादी माझ्याच हाताने करायची होती, तेव्हा आमचं घर वगळावं असं मनात आलं होतं. वगळलं नाही. मास्तर आले, वाटी पालथी घातली. वहिनीने रीतीप्रमाणे आधी पहिली उचलली, बर्फी निघाली. मग तिसरी उचलली, घडी उघडून फॉर्म पाहिला, पुन्हा घडी घातली आणि वाटीखाली ठेवून दिला. एवढ्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. बाया फॉर्म घेऊन कपाळाला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी माहेरची गाडी धरायच्या.

वहिनी म्हणाली, "साहेब, तुम्हना कागद चांगला शे. पन माले मायजोडे जानं शे."

आईने तिला डोळ्यांनी दटावलं. मास्तर उभेच होते. वहिनी खाली बघत पुढे बोलली, "माले भ्याव लागस. पहिली खेप शे. माय जोडे राहिनी तर मी कथाबी बाळतीन होसू."

मास्तरांनी नारळ दिला, वाटी उचलली आणि निघाले. जिन्यात मला म्हणाले, "आपण एवढ्या बायांना कागद दिला. कोणी भीती वाटते म्हणालं नाही."

मी म्हटलं, "आपण विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले. "आई जवळ असेल तर कुठेही चालेल म्हणाली ना तुझी वहिनी? मग तिची आई इकडे का येत नाही?" मी फोन लावून दिला. वहिनीची आई विधवा, एकटी राहणारी, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "मी कशी येसू? म्हैसले कोण देखी?" एकच म्हैस, घर तिच्या दुधावर चाललेलं, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. मास्तरांनी फोन ठेवला, कोरा अर्ज घेतला, त्यावर स्वतःच्या हाताने 'म्हैस' असं लिहिलं आणि तो ओल्या मालाच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला. त्या आठवड्यात त्यांच्याकडे एका पुलाचं काम, दोन शाळांचे वर्ग आणि गटाराच्या लाइनी होत्या. माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं तर म्हैस शे."

आम्ही ताप्ती लाइनच्या सकाळच्या गाडीने गेलो. गुजरातचा धारासभ्य महाराष्ट्रातल्या खेड्यात एका गोठ्यापुढे बाजेवर बसला होता. तिथे त्याला मत देऊ शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि मी मनात म्हटलं, हे बरं झालं, नाहीतर लोक म्हणाले असते की निवडणूक आली. चौकशी करता कळलं, म्हैस सांभाळू शकेल अशी एकच बाई आहे: शेजारच्या घरातली वहिनीच्या आईची थोरली जाऊ. तिच्याशी हिचं बोलणं बंद. मधल्या कुडाचं निमित्त. किती वर्षं झाली याबद्दलही दोघींचं एकमत नव्हतं.

मास्तरांनी जावेला बोलावलं. ती आली, पण कुडाच्या पलीकडेच उभी राहिली. मास्तरांनी भांडण काय हे विचारलं नाही, कोणाचं चुकलं हेही नाही. दोघींच्या मध्ये बघत म्हणाले, "आज नाही बोललात तर काय बिघडेल?"

वहिनीची आई म्हणाली, "काहीच नही. आते सवय व्हयी गयी."

जाऊ मात्र विचारात पडली. तिने म्हशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोरगी तथी एकली बाळतीन व्हई." थोड्या वेळाने म्हणाली, "तिन्हा जावळबी मीच उतारेल शेतस."

पोरगी म्हणजे आमची वहिनी; लहानपणी तिचं जावळ या जावेनेच काढलं होतं. वहिनीची आई घरात गेली आणि स्वतःची रोजची, शेणाच्या वासाची साडी आणून तिने कुडावर टाकली. जावेने ती नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि बादली घेऊन खाली बसली. म्हशीने तिला हुंगलं, मान फिरवून पुन्हा हुंगलं. मास्तर बाजेच्या अगदी काठावर आले होते. विधानसभेच्या मतमोजणीलाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मग बादलीत पहिली धार वाजली. मला रडू आलं, आणि ते का आलं हे कोणी विचारलं नाही म्हणून बरं वाटलं.

वहिनीची आई आमच्याबरोबरच संध्याकाळच्या गाडीने निघाली. गाडीत ती मास्तरांना म्हणाली, "तुम्ही काय काम करतस?" मास्तर म्हणाले, "मिलमध्ये होतो." ती म्हणाली, "चांगलं शे," आणि झोपली.

वहिनी पांडेसऱ्यात आमच्या दोन खोल्यांत स्वतःच्या आईच्या हाताखाली राहिली. दिवस भरले तेव्हा सरकारी दवाखान्यात नेली. दुपारी मुलगी झाली, बर्फीने सांगितल्याप्रमाणे. वहिनीची आई आतच होती. तिला बाहेर थांबायला सांगणाऱ्या नर्सबाई स्वतःच बाहेर येऊन थांबल्या होत्या. दारातून मी वहिनीला पाहिलं. ती दमली होती, आणि आईचा हात तिने उशाखाली धरून ठेवला होता, जसा काही तो कोणी नेईल.

नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. टोकन घेऊन मी बाकावर फॉर्म भरायला बसले, तेवढ्यात मास्तर आले, चॉकलेटी शर्टात. बाळ बघायला आधी आत गेले नाहीत. माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि बाहेरच्या उजेडाकडे धरला. जन्माचं ठिकाण, सुरत. ते वाचायला एवढा वेळ लागत नाही. फॉर्म तसाच धरून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या बापाला मी दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं."

अशा वेळी आमच्या घरात काय म्हणायचं हे ठरलेलं आहे. असू द्या साहेब. तुमची काय चूक. नशिबात नव्हतं. वडील आता नाहीत; असते तर तिन्ही एका दमात म्हणाले असते आणि वर चहा विचारला असता. माझ्याही जिभेवर ते आलंच होतं.

मी म्हटलं, "हो. विचारायला पाहिजे होतं."

मास्तरांनी फॉर्म खाली घेतला. "एवढी वर्षं बोलली का नाहीस, बेन?"

"भीड वाटली. वडिलांना वाटली तशीच."

ते माझ्या शेजारी बाकावर बसले. "आता बोल," म्हणाले.

मग मी बोलले. हॉस्टेलला न्यायची पेटी आईने घासून ठेवली होती, तिच्यात आता बाजरी असते, ते सांगितलं. वर्गातल्या ज्या मैत्रिणीला माझ्याहून कमी गुण होते ती आता नर्स आहे आणि दिसली की मी रस्ता बदलते, ते सांगितलं. वडिलांनी त्यानंतर मला कधी डोळ्याला डोळा देऊन पाहिलं नाही, आणि मीही त्यांना कधी सांगितलं नाही की चूक माझीही होती. माझा आवाज चढला होता बहुतेक, कारण रांगेतली माणसं वळून बघत होती. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मध्ये एकदाही "बराबर" म्हणाले नाहीत.

खिडकीतून आमचा नंबर पुकारला. मी उठायला लागले. मास्तरांनी हात करून मागच्या माणसाला पुढे जायला सांगितलं, फॉर्म स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, "बाप डोळ्याला डोळा देत नव्हता. पुढे?"